साथीच्या काळातले झडपेचे रुग्ण



करोनावर आता कोणाला काही ऐकायचं नसतं, हे मला माहीत आहे. विषय काढला की लोक म्हणतात, बाई, झालं गेलं, सोडा आता. पण त्या दोन वर्षांत करोना न होताही गेलेली माणसं आहेत, आणि मरता मरता वाचलेलीही आहेत. त्यांची मोजदाद रोज संध्याकाळच्या आकड्यांत नव्हती. मी बरीच वर्षं कॅथलॅबमध्ये सिस्टर म्हणून काम केलं. त्यामुळे त्यातले हृदयाच्या झडपेचे रुग्ण मला जवळून दिसले. आज त्यांच्याबद्दलच बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. जे पाहिलं, जे डॉक्टरांकडून शिकले, तेवढंच सांगते.

आपल्याकडे लोक म्हणतात, ‘दिलाचा वॉल खराब झालाय.’ हृदयात चार कप्पे आणि चार झडपा. रक्त पुढे जायला झडप उघडते, मागे येऊ नये म्हणून मिटते. दिवसाला साधारण एक लाख वेळा. ती नीट उघडली नाही तर रक्त मागे तुंबतं, नीट मिटली नाही तर मागे गळतं. दोन्हीचा शेवट एकच, फुप्फुसात पाणी आणि धाप.

श्रीमंत देशांत झडपेचा आजार मुख्यतः म्हाताऱ्यांचा. वय झालं की महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचतं, ती दगडासारखी होते. आपल्याकडेही असे रुग्ण आता वाढताहेत. पण गरीब वस्त्यांतला झडपेचा रुग्ण बहुतेक वेळा तरुण असतो, आणि त्यातही बाई असते. तिचा आजार लहानपणी घसा दुखण्यापासून सुरू होतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा धरतो. एका खोलीत सात-आठ माणसं झोपत असतील तर एकाचा दुसऱ्याला. काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो, मग घोटा, मग कोपर. हा संधिवाताचा ताप, डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. सांध्यांची सूज उतरते, घरचे विसरतात. झडप मात्र आतून जखमी झालेली असते. पुन्हा पुन्हा घसा धरला की पुन्हा पुन्हा जखम, आणि दहा-पंधरा वर्षांत डाव्या बाजूची मायट्रल झडप कडांना चिकटून अरुंद होते. चांगल्या झडपेचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटरचं असतं. एका चौरस सेंटिमीटरहून कमी उरलेल्या मुली मी टेबलावर पाहिल्या आहेत, वय बावीस, तेवीस.

यावर प्रतिबंध आहे आणि तो स्वस्त आहे. दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. झडप अरुंद झालीच तर फुग्याने ती उघडता येते. कान्जी इनोउए या जपानी सर्जननी हा फुगा बनवला, १९८४ साली त्यांचा निबंध आला. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची, मधल्या पडद्यातून पलीकडे जायचं, झडपेत फुगा काही सेकंद फुगवायचा. चिकटलेल्या कडा सुटतात. छाती फाडायची नाही, पूर्ण भूल नाही, दोन दिवसांत घरी. झडप फारच बिघडली असेल तर मात्र शस्त्रक्रिया करून नवी बसवावी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली बनलेली देशी झडप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. परदेशी झडपेपेक्षा ती पुष्कळ स्वस्त. देशातले हजारो गरीब आज तिच्यावर जगताहेत. आणि म्हाताऱ्यांसाठी तिसरा रस्ता, मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप नेऊन बसवण्याचा. फ्रान्समधल्या रूआं शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी तो पहिल्यांदा केला. त्याला टावी म्हणतात, आणि त्याचा खर्च आजही आपल्याकडे कित्येक लाखांत जातो.

आता साथीकडे येते.

२० मार्च २०२० रोजी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांना सांगितलं की, तातडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकला. हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो, आयसीयूतला बेड लागतो, रक्ताच्या बाटल्या लागतात. या तिन्हींची तेव्हा चणचण होती. रक्तदान शिबिरं बंद पडली होती. शिवाय भीती खरी होती. त्याच मे महिन्यात लॅन्सेटमध्ये चोवीस देशांतल्या २३५ रुग्णालयांचा अभ्यास आला. शस्त्रक्रियेच्या आगेमागे ज्यांना करोना झाला, अशा ११२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के महिन्याभरात दगावले होते. कोणता सर्जन हे वाचून सुरी उचलेल?

घोळ झाला तो ‘नियोजित’ या शब्दाचा. नियोजित म्हणजे जिची तारीख ठरवता येते ती शस्त्रक्रिया. लोकांनी, आणि काही ठिकाणी व्यवस्थापनानेही, त्याचा अर्थ घेतला ‘जिच्यावाचून चालेल ती’. मोतीबिंदूला तीन महिने थांबता येतं. महाधमनीची झडप दगड झालेली आहे, चालताना चक्कर येते, छातीत दुखतं, अशा माणसाला थांबता येत नाही. २०१० साली टावीचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शस्त्रक्रिया न झेपणारे वृद्ध रुग्ण होते. ज्यांना टावी न करता नेहमीचे उपचार दिले त्यांतले अर्धे, ५०.७ टक्के, वर्षाच्या आत गेले. टावी केलेल्यांत हे प्रमाण ३०.७ टक्के होतं. कर्करोगाच्या रुग्णाला आपण ‘साथ संपल्यावर या’ म्हणत नाही. हा आजार त्याहून सौम्य नाही.

आमच्या मोहल्ल्याशेजारचे एक चाचा होते, रिक्षा चालवायचे. वय बासष्ट. त्यांची झडप बदलायची तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली होती. ती जूनवर गेली, जूनची ‘कळवू’वर गेली. जुलैत जिना चढताना पडले ते उठले नाहीत. घरच्यांनी कोणाला दोष दिला नाही. म्हणाले, करोनाच्या काळात गेले. मृत्यूच्या नोंदीत तो करोना नव्हताच.

असे किती? जगभरातल्या सर्जननी मिळून एक अंदाज बांधला होता. साथीच्या सर्वांत कठीण बारा आठवड्यांत जगात २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे जातील, त्यातल्या भारतात ५ लाख ८० हजारांच्या आसपास. हा हिशेब सगळ्या प्रकारच्या शस्त्रक्रियांचा आहे, झडपेचा वेगळा नाही. हृदयाच्या बाबतीत प्रत्यक्ष मोजलेली एक गोष्ट आपल्याकडे आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने १८७ रुग्णालयांची माहिती गोळा केली. २०२० च्या मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत हार्ट ॲटॅकने भरती होणारे रुग्ण आदल्या वर्षापेक्षा ३५.४ टक्क्यांनी कमी झाले होते. हार्ट ॲटॅक काही लॉकडाऊन पाळत नाही. माणसं घरी बसली होती.

का बसली, हे आपल्या पनवेलपुरतं तरी आपण मोकळेपणाने बोललं पाहिजे.

पहिली गोष्ट रस्त्याची. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय कोविड रुग्णालय झालं. कामोठ्याचं एमजीएमही करोनाच्या रुग्णांनी भरलं. ही दोन्ही नावं मी तक्रार म्हणून घेत नाही, कोणालातरी ते करावंच लागणार होतं. पण गरिबाचा झडपेचा रुग्ण एरवी जातो कुठे? परळला केईएममध्ये, शीवला, भायखळ्याला जेजेमध्ये नाहीतर मुंबई सेंट्रलला नायरमध्ये. नायर एप्रिलमध्ये पूर्ण कोविडसाठी गेलं. आणि उरलेल्या ठिकाणी जायचं कसं? लोकल २२ मार्चला थांबली. १५ जूनला सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. महिलांना २१ ऑक्टोबरपासून परवानगी, सर्वांना १ फेब्रुवारी २०२१ पासून, तीही ठरावीक वेळेत. दहा-वीस रुपयांचं तिकीट काढून तपासणीला जाणाऱ्या बाईला गाडी करून परळला जायचं म्हणजे महिन्याचा किराणा गेला. पेण, महाड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या लोकांचं तर विचारूच नका. त्यांच्यावर ३ जूनला निसर्ग वादळ आलं. वीज गेली, फोन गेले, छपरं गेली, आणि छपरासोबत औषधाच्या पिशव्याही गेल्या.

दुसरी गोष्ट भीतीची. भीती सगळ्यांनाच होती, पण आपल्या वस्त्यांत ती दुप्पट होती. एप्रिल २०२० मध्ये टीव्हीवर साथीला आपल्या समाजाचं नाव दिलं जात होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले ते २१ ऑगस्टला. निकाल स्पष्ट होता, पण यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत धाप लागलेल्या माणसाला घरचे म्हणत, खोकलू नको, शेजारी ऐकतील. आणि आपल्याच व्हॉट्सॲपवर काय फिरत होतं? दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही, सुई देऊन मारतात. हे आपलेच लोक आपल्याच लोकांना पाठवत होते. बाहेरच्या अपप्रचाराला शिव्या देताना याही निरोपांचा हिशेब आपणच मांडायला हवा.

आता एक हकिगत सांगते. घराचं नाव सांगत नाही. मुलीचं वय सत्तावीस, दुसरं बाळंतपण, पाचवा महिना. २५ एप्रिलला रमजान सुरू झाला. घरच्यांनी नको म्हटलं तरी तिने रोजे धरले. दहाव्या-बाराव्या रोज्याला धाप लागायला लागली. अशक्तपणा असेल म्हणून सोडून दिलं. मग रात्री आडवं झोपता येईना. भिंतीला टेकून, उशा लावून बसून झोपायची. खोकला सुरू झाला. आता घरच्यांना वाटलं, करोना. नेलं तर विलगीकरणात टाकतील, पोटातल्या बाळाचं काय होईल, म्हणून चार दिवस घरीच. पाचव्या दिवशी ओठ निळे पडले तेव्हा नेली.

तिथे पुढचं सुरू झालं. धाप, खोकला, ऑक्सिजन कमी. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांवर पांढरे डाग. त्या दिवसांत अशा चित्राचं एकच उत्तर होतं. स्वॅब घेतला, संशयितांच्या वॉर्डात ठेवलं, रिपोर्टची वाट. पण झडप अरुंद झाल्यावर फुप्फुसात जे पाणी भरतं, तेही स्कॅनमध्ये जवळजवळ तसंच दिसतं. फरक कळतो तो स्टेथोस्कोपने, आणि अंगावर पीपीई किट, डोक्यावरून कानांवर आलेली टोपी, अशा अवतारात स्टेथोस्कोप लावायचा कुठे? मायट्रल झडपेचा आवाज फार हलका असतो, शांत खोलीत चांगल्या कानालाच ऐकू येतो. साथीने डॉक्टरांच्या हातून जी हत्यारं काढून घेतली, त्यातलं हे एक. माझ्या मते याची चर्चा झाली नाही तेवढी व्हायला हवी होती.

पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला. पुन्हा स्वॅब घेतला, तोही निगेटिव्ह. एका तरुण डॉक्टरबाईंनी मुलीच्या आईला फोनवर विचारलं, लहानपणी काही झालं होतं का? आई गप्प. पुन्हा विचारलं. तेव्हा आईने सांगितलं, अकराव्या वर्षी सांधे सुजले होते, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन चालू होतं, लग्न ठरलं तेव्हा बंद केलं. सासरी कळू नये म्हणून.

त्याच रात्री बेडपाशी इको झाली. झडप एक चौरस सेंटिमीटरहून कमी. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं. तेवढं रक्त त्या फटीतून कसं जाणार? म्हणून असा आजार बऱ्याच वेळा पाचव्या-सहाव्या महिन्यातच उघडा पडतो. लघवीचं औषध, नाडी हळू करण्याचं औषध देऊन तिला सावरलं आणि दुसऱ्या रुग्णालयात फुग्याची प्रक्रिया केली.

ती प्रक्रिया साथीत कशी होत होती, ते थोडं सांगते, कारण तिथे काम करणाऱ्यांबद्दल फार कमी बोललं गेलं. कॅथलॅबमध्ये एरवीच आम्ही शिशाचा एप्रन घालतो, कित्येक किलोचा. त्यावर पीपीई. चष्म्यावर वाफ, हातात दोन जोड्या मोजे. गरोदर बाईच्या पोटाला क्ष-किरणांपासून वेगळं आवरण. एरवी फुग्याच्या आधी अन्ननलिकेतून इको करून हृदयात गुठळी नाही ना हे पाहतात. पण घशात नळी घातली की तुषार उडतात, म्हणून ती तपासणी शक्य तिथे टाळा, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. मग सीटीवर किंवा साध्या इकोवर भागवायचं, आणि ज्याला ती करावीच लागेल त्याची करायची. हा निर्णय दर रुग्णाला वेगळा घ्यावा लागे. एखादा पॉझिटिव्ह निघाला की लॅब बंद, सफाई, निम्मे कर्मचारी घरी. दिवसाला चार-पाच होणाऱ्या प्रक्रिया एकावर आल्या. तरीही फुग्याचा फायदा असा की व्हेंटिलेटर लागत नाही, बहुधा रक्त लागत नाही, रुग्ण दोन दिवसांत घरी. साथीच्या काळात झडपेच्या रुग्णासाठी एवढा एक दरवाजा उघडा ठेवता येत होता. ज्या विभागांनी तो उघडा ठेवला त्यांचे आभार मानले पाहिजेत. म्हाताऱ्यांसाठी टावीचाही हाच फायदा होता. बहुधा पूर्ण भूल नाही, आयसीयूत मुक्काम कमी. म्हणजे साथीत जी पद्धत सर्वांत सुरक्षित, तीच सर्वांत महाग. ज्याच्याजवळ लाखो रुपये होते त्याला साथीतही रस्ता होता. रिक्षावाल्या चाचांजवळ नव्हते.

त्या मुलीची झडप उघडली. दुसऱ्या दिवशी ती आडवी झोपली, तेवढ्यानेच तिची आई रडली. सप्टेंबरमध्ये मुलगा झाला.

पण त्या आईचं ‘सासरी कळू नये म्हणून’ मला सोडत नाही. करोनाच्या आधीही हे होतं, नंतरही आहे. मुलीला हृदयाचा आजार आहे म्हटलं की स्थळ येत नाही. छातीवर व्रण येईल म्हणून शस्त्रक्रिया लग्नानंतर करू. इंजेक्शन लग्नाआधी बंद. मुलाच्या बाबतीत हे होत नाही, मुलाला लगेच नेतात. आपण तलाकवर बोलतो, पोटगीवर बोलतो, ते बोललंच पाहिजे. पण निकाहच्या आधी मुलीचं औषध लपवून बंद करणं, हाही आपल्याच चळवळीचा प्रश्न आहे. निकाह करार आहे, असं आपण अभिमानाने सांगतो. मग करारात दोन्हीकडची तब्येत उघडपणे सांगायला काय हरकत? झडपेचा आजार वेळेवर सांभाळला तर बहुतेक मुली संसार करतात, बाळंतपणही करतात, फक्त आधी डॉक्टरांना विचारून. लपवलं तर पाचव्या महिन्यात ओठ निळे पडतात.

तिसरा गट, ज्यांना आधीच धातूची झडप बसवलेली आहे. हे लोक तर लॉकडाऊनमध्ये पूर्ण विसरले गेले. अशा झडपेवर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. आपल्याकडे बहुतेकांना ॲसिट्रोम माहीत आहे. ती किती घ्यायची हे रक्ताच्या तपासणीवर ठरतं, तिला आयएनआर म्हणतात. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर साधारण अडीच ते साडेतीन, असा आकडा डॉक्टर ठरवून देतात. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. ही तपासणी महिन्याला तरी व्हायला हवी. लॉकडाऊनमध्ये कित्येकांची तीन-तीन, चार-चार महिने झाली नाही. काहींची गोळीच संपली, काहींनी आहे ती अर्धी करून पुरवली.

धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज येतो, रात्री शांततेत घरच्यांनाही ऐकू येतो. एका बाईंनी मला फोन करून सांगितलं, ‘सिस्टर, घड्याळ दोन दिवस झाले ऐकू येत नाही.’ हे वाक्य ऐकलं की एक क्षण थांबायचं नाही. आवाज मंदावला म्हणजे झडपेवर गुठळी बसली असण्याची शक्यता. तातडीने इको, मग गुठळी विरघळवण्याचं औषध किंवा पुन्हा शस्त्रक्रिया. त्या बाई वेळेत पोचल्या, कारण शेजारच्या मुलाने पोलिसांचा पास काढून ठेवलेला होता, आईच्या डायलिसिससाठी. शेजाऱ्याचा पास नसता तर?

उलट बाजूही होती. ताप आला की लोक दुकानातून अझिथ्रोमायसिन घेत होते. त्या औषधाने काही जणांत आयएनआर वाढतो. वर कोणी काढा सांगे, कोणी हळद-लसूण. ॲसिट्रोमवरच्या माणसाने अशी कोणतीही गोष्ट सुरू करताना डॉक्टरांना विचारायचं असतं, हे त्याला सांगायला ओपीडीच उघडी नव्हती. २५ मार्च २०२० रोजी सरकारने दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. चांगलं पाऊल होतं. पण फोनवर आयएनआर मोजता येत नाही.

लस आली तेव्हाही यांचं असंच झालं. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकात, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी ही लस घेऊ नये, असं छापलं होतं. पुढे तज्ज्ञांनी सांगितलं की घ्या, बारीक सुई वापरा, टोचल्यावर काही मिनिटं जागा दाबून धरा. पण पहिली बातमी सगळ्यांपर्यंत पोचली, दुसरी पोचली नाही. १ मार्चपासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस सुरू झाली. त्या वीस व्याधींच्या यादीत झडपेचा मध्यम किंवा तीव्र आजार होता. यादी करणाऱ्याने विचार केलेला होता. पण आपला झडपेचा रुग्ण पंचविशीतला! त्याला १ मेपर्यंत थांबावं लागलं, आणि गरोदर बायांना २ जुलैपर्यंत. मधल्या काळात, १४ एप्रिलला, रमजानचा पहिला रोजा आणि राज्यातले नवे निर्बंध एकाच दिवशी सुरू झाले आणि दुसरी लाट आली.

मुलांबद्दल एक वाक्य. शाळांत आरोग्य तपासणी करून असे आजार शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या शेजारी पालघरलाच सुरू झाला. शाळा बंद म्हणजे तपासणी बंद. त्या वर्षांत ज्या पोरांचे सांधे सुजले ती आता मोठी होताहेत. त्यांची झडप आज आतून काय म्हणते, हे कळायला अजून काही वर्षं आहेत, म्हणून त्यांना शोधायचं तर आत्ता.

काय करायचं, ते सांगून थांबते.

सरकारकडे मागायचं ते नेमकं मागू या. साथ पुन्हा आली तर जिल्ह्यात एक हृदयाचा विभाग साथीपासून वेगळा, चालू राहिला पाहिजे, आणि तो कुठला हे आधी जाहीर झालं पाहिजे. आयएनआरची तपासणी उपजिल्हा रुग्णालयात आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित मिळालं पाहिजे, त्यासाठी परळला जावं लागता कामा नये. रायगडच्या माणसाला झडपेसाठी खाडी ओलांडावी लागू नये, ही मागणी लांबची आहे, पण तीही करायची.

योजनेची माहिती आपल्याच लोकांना नसते. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यात रायगड होता. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. झडपेची शस्त्रक्रिया आणि फुग्याची प्रक्रिया त्यात बसते. मे २०२० मध्ये ती राज्यातल्या सगळ्यांसाठी खुली केली गेली, पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही. तरी लोक दागिने गहाण ठेवत होते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याच्याकडे जायचं, पैसे भरण्याच्या खिडकीकडे नंतर. शिधापत्रिकेवर आणि आधारवर नाव एकसारखं आहे का, हे आज घरी जाऊन बघा. एकीकडे ‘शेख’, दुसरीकडे ‘शैख’, एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं, यात दिवस जातात.

रोज्याबद्दल नेहमी विचारलं जातं. आजारी माणसाला सवलत आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी बाया ऐकत नाहीत. लघवीचं औषध चालू असेल, झडप अरुंद असेल किंवा पोटात बाळ असेल तर डॉक्टर नको म्हणाले की नको. ॲसिट्रोम दिवसातून एकदाच असते, इफ्तारनंतर ठरलेल्या वेळी घेता येते. पण वेळ बदलायची तीही विचारून. ज्यांना आजार नाही अशा घरातल्या मोठ्यांनी सुनेला हे स्वतःहून सांगितलं तर तिला ते मोडणं सोपं जातं.

बाहेर टेबलावर दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत ज्यांच्या घरी झडपेचा रुग्ण आहे त्यांनी वस्तीचं नाव, कोणती झडप, कोणती गोळी, शेवटचा आयएनआर कधी, एवढं लिहा. आजाराचं नाव माहीत नसेल तर कागद घेऊन या, मी वाचून देईन. ही वही कोणाला दाखवली जाणार नाही, लग्न ठरवणाऱ्यांना तर अजिबात नाही. दुसरीत रक्तगट आणि फोन. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी नावापुढे खूण करा. आणि ज्यांच्या घरात दहा-बारा वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा गुडघा गेल्या वर्ष-दोन वर्षांत सुजून आपोआप बरा झाला असेल, त्यांनी वहीत लिहीत बसू नका, निघण्याआधी मला भेटा.